अनोळखी पोलादाची सुरी: भंगारातल्या पाट्यापासून स्वयंपाकघरापर्यंत

भंगारवाल्याकडे सुरीसाठी पोलाद मागितलं की तो बहुतेक वेळा गाडीच्या कमानीचा पाटा पुढे करतो. सल्ला चांगला आहे. रस्त्याकडेला पाल ठोकून कोयते, विळे, कुऱ्हाडी घडवणारी घिसाडी कुटुंबं अशाच पाट्यांवर काम करतात. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड फिरवतो आणि बाई घण मारते. त्यांच्या हाताखालून इतके पाटे गेलेले असतात की कोणता पाटा कसा वागेल याचा अंदाज त्यांना भट्टीपाशीच येतो. नवख्याकडे तो अंदाज नसतो, आणि पाट्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं.

भारतात पाट्यांसाठी ईएन ४५, एसयूपी ९, एसयूपी ११ए अशी बरीच पोलादं वापरली जातात. सगळ्यांत कर्ब (कार्बन) साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. पण ईएन ४५ मध्ये दीड ते दोन टक्के सिलिकॉन, तर एसयूपी ९ मध्ये पाऊण टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं. त्यामुळे दोघांना लागणारी आच वेगळी. म्हणून माझा आग्रह असा, की पोलादाचं नाव शोधण्यात वेळ घालवू नका. ते किती तापल्यावर कडक होतं, कशात बुडवल्यावर होतं आणि नंतर किती शेकल्यावर चिवट राहतं, ही तीन उत्तरं तुम्हाला हवी आहेत. ती त्याच पाट्याचे चार-पाच तुकडे बळी देऊन मिळतात. सुरी त्यानंतर.

काय घ्यावं, काय टाळावं

पाटा शक्यतो छोट्या गाडीचा घ्या. तो सहा-सात मिलिमीटर जाड असतो. ट्रकचा पाटा दहा-बारा मिलिमीटरचा, तो पातळ करताना हात मोडतात. स्वयंपाकाच्या सुरीची पाठ दोन ते अडीच मिलिमीटरच लागते, हे लक्षात असू द्या. तुटलेला पाटा घेऊ नका. वर्षानुवर्षं वाकून वाकून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, आणि त्या नेमक्या पाणी देताना, म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून कडक करताना, उघडतात. हायवेवर कमान-पाटा दुरुस्तीची दुकानं असतात, तिथे न वापरलेल्या पाट्याचा कापलेला तुकडा मिळाला तर तो सोन्यासारखा समजा.

मुंबईच्या दारूखाना भागात जहाजं फोडून निघालेल्या पत्र्याचे ढीग दिसतात आणि जहाजाचं पोलाद म्हणजे जबरदस्त असणार असं वाटतं. जहाजाच्या पत्र्यात कर्ब जेमतेम पाव टक्क्याच्या आत असतो, कारण तो वेल्डिंगसाठी आणि धक्का सोसण्यासाठी बनवलेला असतो. त्याला धार टिकत नाही. इमारतीची सळई, अँगल, पाइप यांचंही तेच. रेल्वेच्या रुळावरच्या क्लिपा मात्र स्प्रिंगच्याच पोलादाच्या असतात, आणि म्हणूनच अनेकांना त्यांचा मोह होतो. त्या उचलू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि रुळावरची क्लिप काढणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ.

बेअरिंगचं ईएन ३१ उत्तम सुरी देतं, पण त्याला ठरलेल्या तापमानावर काही मिनिटं स्थिर धरावं लागतं. कोळशाच्या भट्टीवर पहिल्या खेपेला ते जमत नाही. मशीनवरच्या हॅकसॉचं जाड पातं हा निराळाच प्रकार. ते अखंड हायस्पीड स्टीलचं असेल तर आधीच कडक असतं आणि घासताना तापलं तरी लवकर नरम पडत नाही. ते भट्टीत घालायचंच नाही, ग्राइंडरवर आकार देऊन मूठ बसवायची. मात्र हल्लीच्या कित्येक पात्यांत फक्त दातांची पट्टी कडक असते आणि बाकीचं पातं लवचीक पोलादाचं. दात घासून टाकले की हाती तेवढंच उरतं.

गॅल्व्हनाइज किंवा क्रोम केलेला तुकडा तापवू नका. जस्ताचा धूर फुप्फुसांना बाधतो.

तुकड्यांची परीक्षा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भट्टीपर्यंत जाण्याआधीच दोन गोष्टी कळू शकतात. लोहचुंबक चिकटत नसेल तर तो तुकडा बहुधा ३०४ जातीचा स्टेनलेस असतो. भांड्यांसाठी उत्तम, सुरीसाठी निरुपयोगी, कारण तो तापवून कडक होत नाही. चुंबक चिकटला तर ग्राइंडरवर ठिणगी बघा. शेजारी तुलनेसाठी एक साधा खिळा आणि एक जुनी कानस ठेवा. खिळ्याची ठिणगी लांब, सरळ, फाटे फारच थोडे. कानशीची आखूड, दाट, चाकाजवळच फुटणारी, फाट्यांना पुन्हा फाटे. पाट्याची या दोघांच्या मधली. ठिणगी मंद, तांबूस आणि जवळजवळ न फुटणारी दिसली तर हायस्पीड स्टील असण्याची शक्यता मोठी. हे संध्याकाळी, कलत्या उजेडात बघा. उन्हात काही दिसत नाही.

तुमच्या गावात फाउंड्री असतील, कोल्हापुरात आहेत तशा, तर आसपासच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो टेस्ट, म्हणजे पोलादात काय किती आहे याची तपासणी, करून घेता येते. तुकड्याची एक बाजू सपाट घासून द्यावी लागते. भंगाराच्या मोठ्या यार्डात धातू तपासायची, हातात धरायची बंदूक दाखवतात, ती क्रोमियम, मँगनीज सांगते. कर्ब तिला दिसत नाही. सुरीसाठी तर कर्बच महत्त्वाचा.

आता खरी कसोटी. पाट्यातून एक सेंटिमीटर रुंद, आठ सेंटिमीटर लांब असे पाच तुकडे कापा आणि घासून तीन मिलिमीटर जाडीवर आणा. भट्टीसाठी लोखंडी घमेल्यात माती लिंपून बाजूनं एक लोखंडी नळी सोडा, लाकडी कोळसा भरा आणि नळीला हेअर ड्रायर किंवा छोटा ब्लोअर लावा. ही मांडणी उघड्यावर, मातीच्या जमिनीवर करा. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो आणि सिमेंटचा कोबा तापला की त्याच्या कपच्या उडतात.

तुकडा हळूहळू तापवा आणि तारेला बांधलेला चुंबक अधूनमधून टेकवा. साधारण ७७० अंशांना चुंबक चिकटायचा थांबतो. ही पहिली खूण. दुसरी खूण स्वयंपाकघरातलीच: साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापलेल्या तुकड्यावर चिमूटभर टाका. दाणे तसेच राहिले तर अजून कमी आहे, पाघळून चकाकले तर ८०० ओलांडले. मीठ फक्त या तुकड्यांवरच वापरा, सुरीच्या पात्यावर नको, त्यानं गंज धरतो. महागड्या पायरोमीटरशिवाय (भट्टीचा ताप मोजायच्या यंत्राशिवाय) डोळा तयार करायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पहिला तुकडा मीठ वितळताक्षणी बाहेर काढून तेलात बुडवा. दुसरा त्याहून एक छटा उजळ झाल्यावर, म्हणजे सुमारे ८४० अंशांना. तिसरा ८७० ते ८८० ला, नारिंगीकडे झुकल्यावर. चौथा मुद्दाम भडक नारिंगी करून. तेल शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, सूर्यफुलाचं, कोणतंही खाण्याचं चालेल. ते आधी ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा, कारण कोमट तेल पातळ होऊन उष्णता लवकर ओढतं. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका. त्याचा धूर वाईट, आणि हे हत्यार भाजीला लागणार आहे.

प्रत्येक तुकड्यावर कानस चालवा. कानस घसरली, काचेवरून गेल्यासारखा आवाज आला, तर तुकडा कडक झाला. चावली तर नाही. पण इथे एक फसगत होते: सिलिकॉन असलेल्या पोलादाचा वरचा पापुद्रा भट्टीत कर्ब गमावतो आणि नरम राहतो. म्हणून त्याच जागी चार-पाच वेळा कानस मारा. खाली कडक थर लागला की ती घसरायला लागते.

मग तुकडा जाड फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि हातोडीनं तोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपच्या गोळीसारख्या सुटतात. तुटलेली कड भिंगातून बघा. बारीक, राखाडी, चमक नसलेली कड म्हणजे आच बरोबर होती. चमचमणारे जाड दाणे दिसले तर आच जास्त झाली, आणि असं पातं कांदा चिरतानाही तुटू शकतं. चौथा तुकडा याच धड्यासाठी होता. जो तुकडा पूर्ण कडक झाला आणि ज्याचे दाणे सर्वांत बारीक आहेत, त्याच्या तापाचा रंग मनात पक्का करा. तीच तुमच्या पाट्याची आच. चारही तुकड्यांवर कानस चावत राहिली तर पाचवा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून बघा. तोही नरम राहिला, तर त्या पोलादाचा नाद सोडा.

घडवणं

सहा-सात मिलिमीटरचा पाटा नुसत्या ग्राइंडरनं अडीचवर आणता येतो, पण त्यात अर्धं पोलाद धूळ होऊन जातं. जवळच्या लोहाराला पैसे देऊन पाटा सरळ करून चार मिलिमीटरपर्यंत ठोकून घेणं नवख्यासाठी सगळ्यात शहाणपणाचं. त्याच्यासमोर उभं राहून बघा. पाटा पिवळसर नारिंगी असताना तो ठोकतो आणि गडद लाल झाला की पुन्हा भट्टीत घालतो. त्याखाली ठोकलं की आत भेगा पडतात. उलट भट्टीतच पोलादातून फुलबाज्या उडायला लागल्या तर ते जळलं. तेवढा भाग कापून टाकायचा, तो कशानंही दुरुस्त होत नाही.

ठोकून झाल्यावर पट्टी चुंबक सुटण्याच्या थोडं पुढे तापवून हवेत गार होऊ द्या. असं तीनदा करा, दर वेळी आच किंचित कमी. ठोकताना वाढलेले दाणे यानं पुन्हा बारीक होतात आणि आतला ताण निघतो. घाईत हे सोडणाऱ्याची सुरी पुढे पाणी देताना वाकडी होते. शेवटी पुन्हा एकदा तापवून कोरड्या राखेत पुरा आणि रात्रभर तसंच राहू द्या, म्हणजे कानस आणि ड्रिल नीट चालतील.

आकार

पहिली सुरी १६ ते १७ सेंटिमीटर पात्याची आणि मुठीजवळ साडेचार सेंटिमीटर रुंदीची करा. एवढी रुंदी असली की पाटावर कापताना बोटांची पेरं आपटत नाहीत. आधी पुठ्ठ्याची सुरी कापून हातात धरून बघा. भारतात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांना शस्त्र नियम लागू होतात. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत, पण स्वयंपाकाला त्याहून मोठं पातं लागतही नाही.

आकार कापून झाला की दोन्ही बाजू पाठीकडून धारेकडे उतरत्या घासा. जोर लावू नका, दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. धारेची कड अजून अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड राहू द्या. त्याहून पातळ केलीत तर पाणी देताना ती लाटेसारखी वळते. मुठीच्या रिव्हेटची भोकं आत्ताच पाडा. नंतर ड्रिल चालणार नाही. आडव्या खोल ओरखड्यांवरूनच भेगा सुरू होतात, म्हणून २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं घासून ते काढून टाका.

ग्राइंडरवर सुती हातमोजे, सैल बाही, ओढणी, पदर काहीही नको. धुळीसाठी साधा कापडी रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा.

पाणी देणं

सगळी मांडणी आधीच करून ठेवा. तेलाचं भांडं धातूचं, उभं, सुरीपेक्षा खोल, निदान चार-पाच लिटरचं, आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण हाताशी. तेल भडकलं तर झाकण ठेवायचं. पाणी कधीच ओतायचं नाही. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं आवाराबाहेर.

सुरी सरळ निखाऱ्यात न खुपसता निखाऱ्यांत एक जाड लोखंडी नळी आडवी ठेवा, गॅल्व्हनाइज न केलेली, आणि पातं तिच्या आत तापवा. ताप सगळीकडे सारखा लागतो. टोक आणि धार पातळ असल्यामुळे आधी तापतात, म्हणून पातं मागे-पुढे हलवत राहा. मुठीकडचा भाग, मधला भाग आणि टोक तिन्ही एकाच रंगाचे दिसले, आणि तो रंग तुमच्या निवडलेल्या तुकड्याचा असला, की बाहेर काढा आणि क्षणभरही न थांबता टोक खाली करून सरळ तेलात सोडा. आत पुढे-मागे हलवा, आजूबाजूला नाही. बाजूला हलवलं की एक अंग आधी गार होऊन पातं वळतं.

दहा-बारा सेकंदांनी बाहेर काढून पाठीवरून नजर टाका. वाकलेलं दिसलं तर जाड चामड्याचे मोजे घालून हातानंच सरळ करा. पातं अजून गरम आहे तोवर ते ऐकतं. गार झाल्यावर हात लावाल तर तुटेल. पूर्ण गार झालं की कानस चालवून बघा. घसरली पाहिजे.

शेकणं

या क्षणी पातं काचेइतकं ठिसूळ आहे. फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतील. म्हणून तासाभरात शेकायला घ्या, उद्यावर ढकलू नका. घरच्या ओटीजीत होतं, फक्त त्याच्या बटणावरच्या आकड्यांवर विसंबू नका; दोन-अडीचशे अंश दाखवणारा वेगळा थर्मामीटर आत ठेवा. परातीत कोरडी वाळू पसरून पातं त्यात ठेवलं की तापमानाची चढउतार थेट त्याला लागत नाही. तेल आधी साबणानं धुऊन काढा, नाहीतर घरभर वास सुटतो.

पाट्याच्या पोलादासाठी २०० अंश, दोन तास. पूर्ण गार करून पुन्हा दोन तास. दुसरी फेरी ऐच्छिक नाही. पहिल्या फेरीनंतर गार होताना पोलादात जे थोडं नवं, कडक आणि ठिसूळ रूप तयार होतं, ते दुसरी फेरी चिवट करते. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट पिवळा रंग चढलेला दिसेल. पाट्याच्या सुरीला रॉकवेल सी मापावर ५७ ते ५९ च्या आसपास कडकपणा येतो; रोजच्या भाजीसाठी हा योग्य आहे, आणि धार घरच्या दगडावर परत लावता येते.

यापुढे घासताना पातं नंग्या हातात धरा. बोटाला चटका बसायला लागला की पाण्यात बुडवा. धारेवर निळा रंग दिसला तर तिथे ताप ३०० अंशांजवळ गेला आणि तेवढी जागा नरम पडली. तो भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. धारेमागची जाडी पाव मिलिमीटरवर आणा. नवख्यांच्या बहुतेक सुऱ्या इथेच फसतात. पोलाद उत्तम, पाणी उत्तम, पण पातं जाड, त्यामुळे गाजर चिरलं जाण्याऐवजी फुटतं.

मूठ आणि धार

मुठीला शिसव, बाभूळ किंवा जुना साग, काहीही चालतं, फक्त लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. शिसवाच्या भुशानं बऱ्याच जणांना शिंका आणि खाज येते. दोन फळ्या अ‍ॅराल्डाइटनं चिकटवून पितळेच्या सळईचे रिव्हेट बसवा, रात्रभर शिकंज्यात ठेवा, मग हाताला बसेल अशी घासा. जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात पुरे.

धारेसाठी १००० नंबरचा दगड घ्या. शेवटचा हात ३००० वर. साडेचार सेंटिमीटर रुंद पातं दगडावर ठेवून पाठ १२ ते १४ मिलिमीटर उचलली की सुमारे १५ ते १८ अंशांचा कोन होतो. तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा कापून कोन तपासायला जवळ ठेवा. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या कडेला अंगठ्याच्या नखाला किंचित खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदला.

वापरात आल्यावर

हे स्टेनलेस नाही. कैरी, लिंबू, कांदा लागला की पातं काळं-निळं पडेल. तो थर राहू द्या, तो तांबड्या गंजापासून थोडंफार राखतो. चिरून झालं की लगेच धुवा, पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. सिंकमध्ये भिजत घालू नका. नारळ फोडायला, हाडं तोडायला किंवा गोठलेलं मटण कापायला ही सुरी नाही. त्यासाठी कोयता आहेच.

पहिल्या महिन्यात धारेकडे नीट लक्ष द्या. तिथे बारीक कपचे उडत असतील तर पातं जरा जास्त कडक राहिलंय. मूठ लाकडी असल्यानं ओटीजीत घालता येणार नाही. रिव्हेट ड्रिल करून मूठ काढा आणि पातं २१५-२२० अंशांना आणखी दोन तास शेका. धार तुटत नाही, पण वळून दुमडते, तर पाणी नीट लागलेलं नाही किंवा घासताना ती जागा तापली आहे. आधी थोडी धार घासून आतलं पोलाद बघा. तिथेही तसंच झालं तर पुन्हा हवेत गार करणं, पाणी देणं आणि शेकणं, सगळं नव्यानं.

उरलेला पाटा फेकू नका. त्यावर ऑइल पेंटनं लिहून ठेवा: तेलात की पाण्यात, मिठाच्या खुणेपेक्षा किती उजळ, शेकण्याचे अंश. तुटलेला बारीक दाण्यांचा तुकडा तारेनं त्यालाच बांधा. त्या पाट्यात अजून दोन-तीन सुऱ्या निघतील, आणि त्यांच्यासाठी तुकडे तोडावे लागणार नाहीत. दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या गाडीचा पाटा आणलात, तर मात्र परीक्षा पुन्हा पहिल्या तुकड्यापासून.